पाद्र्याच्या कापडाला करवती काठ

कापड शनिवारी दुपारी आलं, आणि कापडाबरोबर मारोतरावही आले. नुसतं कापड पाठवून भागलं असतं. उमरेडहून सदरकडे कुणा ना कुणाची बैलगाडी येतच असे. पण आपल्या हातचं कापड पाद्री साहेबाच्या हातात आपणच ठेवायचं, असं त्यांनी मागावर ताणा लावला त्या दिवशीच ठरवलं होतं. म्हणून बायकोला, देवकीला, बरोबर घेतलं, धुवट धोतर नेसलं आणि गाडी जुंपली. मिशनच्या आवारात शिरल्यावर त्यांनी बैल साहेबाच्या बंगल्याकडे वळवले, तर धाकटा भाऊ विश्वनाथ आडवा आला.

"आधी घरी चाल, दादा," तो म्हणाला. "जेवण करा. मंग पाहू."

जेवण झालं, सुपारी झाली, तरी विश्वनाथ गठ्ठ्याकडे बघतही नव्हता आणि गठ्ठ्यापासून हलतही नव्हता. शेवटी त्यानं सांगितलं. कापड साहेब विलायतेला नेणार नव्हते. उद्या, रविवारी, विश्वनाथला पाळकपदाची दीक्षा मिळायची होती, आणि त्या वेळी ते कापड विश्वनाथनंच नेसायचं होतं.

मारोतरावांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "कोणी ठरवलं?"

"साहेबांनी."

"मले तं साहेबानं सांगतलं होतं का मी संगं नेतो म्हणून."

"मन बदललं त्यांचं."

बहीण यमुताई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. विधवा झाल्यापासून ती विश्वनाथकडे राहायची आणि साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची. तिचा हात सुपात थांबला, तिनं विश्वनाथकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

मॅकफी साहेब तीस वर्षं सदरच्या मिशनचे पाद्री होते आणि आता पंधरा दिवसांनी कायमचे विलायतेला जायचे होते. त्यांच्या मुलखात घराण्याघराण्याची कापडावरची चौकडी ठरलेली असते, तशी पाद्री लोकांचीही निराळी असते. निळी आणि काळी, मधून पांढऱ्या दोऱ्याची बारीक रेघ. त्या कापडाचा आठ वारी, गुडघ्यापर्यंतचा, मागे निऱ्या घातलेला घागरा साहेब वर्षातून दोनदा नेसत. ते त्याला किल्ट म्हणत, सदरचे लोक साहेबाचा परकर म्हणत. तो नेसून ते सीताबर्डीच्या बाजारापर्यंत पायी जात. दुकानदार हसत, साहेबही हसत, आणि विचारणाऱ्याला सांगत की तुमचा गोसावी भगवं नेसतो, फकीर हिरवं पांघरतो, ते काय थंडी वाजते म्हणून? हा कोणाचा चाकर हे वाटसरूला विचारावं लागू नये, एवढ्यासाठी मी हे नेसतो. जो देवाच्या चाकरीत नाही त्यानं ही चौकडी नेसू नये, असा त्यांचा कडक नेम होता.

मारोतरावांना धर्मातलं फार कळत नसे. बापानं, कवडूनं, दोन्ही मुलांना घेऊन बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्यानंतर विश्वनाथ शाळेत गेला आणि ते मागावर बसले. पण कापड त्यांना कळत होतं, आणि साहेबांना त्यांचं ते कळणं आवडत होतं. हिवाळ्यात उमरेडला प्रवचनाला आले की साहेब मागाच्या खोलीत येऊन बसत. तिथे ते शास्त्र बोलत नसत, सूत बोलत. गेल्या नाताळात त्यांनी आपला जुना, विरलेला किल्ट मारोतरावांच्या मांडीवर ठेवला होता. मारोतरावांनी नखानं एकेक दोरा मोजून चौकडी पाठ केली होती. "लोकरीत नको, सुतातच वीण," साहेब म्हणाले होते. "माझ्या गावी थंडी फार, पण मी हेच नेसून आमच्या चर्चमध्ये उभा राहीन आणि सांगेन, हे उमरेडचं आहे." तेव्हापासून तीन महिने मारोतराव मागावर बसले की कधी न पाहिलेलं एक चर्च त्यांच्या डोळ्यापुढे उभं राही. त्यातली माणसं वाकून कापड बघत आणि विणणाऱ्याचं नाव विचारत.

आता ती माणसं गेली. त्यांच्या जागी विश्वनाथ आला, ज्याच्यासाठी त्यांनी आयुष्यभर पुष्कळ विणलं होतं.

"सोड मंग गठ्ठा," ते म्हणाले. "पाह्य तुहं कापड."

विश्वनाथनं गाठ सोडली. निळं-काळं कापड सतरंजीवर उलगडत गेलं. पांढरी रेघ अशी सरळ, जणू फुटपट्टी धरून ओढलेली. विश्वनाथला वाटलं होतं की कापडात काही खोट निघावी, आणि निघाली तर आपल्याला बरं वाटेल. मग कापडाची खालची कड उलटली आणि त्याचा हात थांबला. एका बाजूला, आठ वारभर, लाल रेशमाचा बोटभर करवती काठ होता, करवतीच्या दात्यांसारखा दातेरी, लुगड्याला असतो तसा.

"हे काय?"

"काठ."

"काठ दिसून राहिला मले. पण याच्यात काठ नसतो, दादा. या चौकडीत एक दोरा वाढवायचा नाही, एक कमी करायचा नाही. लाल रंग तर नाहीच नाही. कोणी सांगतला होता हा?"

"सांगाले कायले पाहिजे? बिनकाठाचं कापड माह्या मागावरून उतरत नाही."

"बिनकाठाचं मढ्यावर टाकतात, भाऊजी," देवकी म्हणाली. "जित्या माणसाले नेसवत नाहीत. साहेबाच्या मुलखात चालत असंन, आमच्या घरात नाही चालत."

विश्वनाथच्या डोळ्यापुढे उद्याची सकाळ आली. भरलेलं चर्च, चार गावचे पाळक, आणि मध्ये आपण, उघड्या गुडघ्यांचे, गुडघ्यांभोवती लुगड्याचा लाल काठ. आधीच लोक परकर म्हणत होते. आता म्हणायची गरजच उरणार नव्हती, तो परकरच दिसणार होता.

सुमती, विश्वनाथची बायको, आतापर्यंत दाराशी उभी होती. ती मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायची आणि जालन्याकडची असल्यामुळे तिची भाषा पुस्तकी होती, ज्याबद्दल सासरी तिच्यामागे नक्कल होत असे. ती पुढे आली, खाली बसली आणि काठ बोटांत धरून पाहिला. काठ सुंदर होता, हे तिला लगेच कळलं आणि बोचलं. असा काठ एकट्याला विणता येत नाही. आडवं सूत नेणारे दोन धोटे लागतात, आणि माणसंही दोन: एक मागावर, दुसरं बाजूला बसून काठाचा धोटा फिरवायला. म्हणजे तीन महिने देवकी रोज नवऱ्याच्या शेजारी बसली होती. सुमतीला लग्नापासून या एकाच गोष्टीचा हेवा वाटत आला होता. अक्षर न येणारी ही जाऊ नवऱ्याच्या कामात अर्धी वाटेकरी होती, आणि आपण शिकलेल्या असून विश्वनाथच्या कामात आपली जागा म्हणजे सभेनंतर चहा देणं.

"त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "काठ कापून टाकू. कड दुमडून मी हातशिलाई घालते. संध्याकाळपर्यंत होईल."

ती उठली, शिवणाच्या डब्यातून कात्री काढून आली. यमुताई म्हणाली, "ठेव वं ते. आधी बोलू तं द्या." पण कात्री सुमतीच्या हातात राहिली.

देवकी कापडावरच येऊन बसली. अगदी मधोमध, पाय पसरून.

"कापा," ती म्हणाली. "मी उठत नाही, मले धरून कापा. हा काठ माह्या हातचा आहे. ज्या दिवशी ताप होता त्या दिवशीबी मी बसलो याच्यावर. काहून बसलो? साहेबाच्या गावचे लोक पाहतीन म्हणून. सुमती नेसवंन तिच्या नवऱ्याले अन् पाळकीणबाई होऊन मिरवंन, म्हणून नाही बसलो."

"मी मिरवत नाही, जाऊबाई."

"खुर्चीवर बसून मिरवत नाही का तू? आमी आलो का आमाले सतरंजी, तुले खुर्ची. मले जळतं ते. सांगून राहिलो सरळ. तुह्या चपलेचंबी जळतं मले."

सुमतीला हसू आलं आणि लगेच रडू आलं. "मला तुमचं जळतं," ती म्हणाली. पण ते देवकीला खरं वाटलं नाही. तिला वाटलं, ही शिकलेली बाई आपली टिंगल करते आहे.

"मंग असं कर," देवकी म्हणाली. "अर्धं कर. चार वार तुह्या नवऱ्याले, चार वार माह्याले. कोणालेच नाही नेसता येणार. झालं बरोबर."

या घरात शास्त्र लहानपणापासून वाचलं जात होतं आणि शलमोन राजाची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एका मुलावर दोन बायका हक्क सांगतात, राजा म्हणतो मूल अर्धं अर्धं कापा, खरी आई म्हणते कापू नका, तिलाच देऊन टाका. अडचण अशी होती की उत्तर आधीच माहीत होतं. विश्वनाथला वाटलं, आपण आता 'नको' म्हटलं तर सगळ्यांना वाटेल की गोष्ट आठवून म्हटलं. तो ओठ आवळून बसला. सुमती कात्रीची पाती उघडमीट करत राहिली.

देवकी त्या सगळ्यांकडे पाहत म्हणाली, "मले माहीत आहे गोष्ट. मी खोटी आई. चालते मले. कापा."

"नको," मारोतराव म्हणाले.

ते उठून आले आणि त्यांनी देवकीला हाताला धरून कापडावरून उठवलं. तिच्या बसण्यानं पडलेली सुरकुती तळहातानं सारखी केली. कापडाकडे बघताना त्यांना गोष्टबिष्ट काही आठवत नव्हती. आठ वारांत एकही दोरा तुटलेला नव्हता आणि तो कात्रीनं तुटावा हे त्यांना बघवणार नव्हतं, इतकंच.

"नेस तू," ते विश्वनाथला म्हणाले. "काठ काढायचा असंन तं मी काढतो, दोरा दोरा उसवून. कात्री लावू नका. पण एक सांगतो तुले. मी आनंदानं देऊन नाही राहिलो. माह्या पोटात आग पडली आहे. उद्या तू नेसून उभा राहशीन तं मी मागच्या बाकावर बसंन अन् मनातल्या मनात म्हणंन का हा निऱ्यांत पाय अडकून पडला पाहिजे."

"दादा."

"खरं आहे ते सांगतलं. दीक्षेच्या आदल्या दिवशी खोटं कायले बोलू?"

यमुताईनं सूप बाजूला ठेवलं. "विश्वनाथ," ती म्हणाली, "आता तू सांगतो का मी सांगू?"

विश्वनाथची मान खाली गेली. सुमती नवऱ्याकडे बघायला लागली. तिलाही काही माहीत नव्हतं.

"साहेबांचं मन नाही बदललं," विश्वनाथ म्हणाला. "मी मागितलं. म्हटलं, माझ्या दीक्षेची खूण म्हणून हे मला द्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, घे."

"बंगल्यावर चहा देऊन राहिलो होतो मी," यमुताई म्हणाली. "साहेबाचं तोंड उतरलं होतं. माह्या डोळ्यानं पाहिलं."

मारोतराव हळूच खाली बसले. "पण तुले तं हे नेसायची लाज वाटते," ते म्हणाले. "मघापासून पाहून राहिलो मी. गुडघे झाकून घेऊन राहिला तू आतापासूनच. मंग मागितलं काहून?"

"जळलो म्हणून," विश्वनाथ म्हणाला. आता त्याची बोली पुरती उमरेडची झाली होती, साहेबांच्या संगतीतलं तिच्यात काही राहिलं नव्हतं. "अठरा वर्षं मी त्यांच्यामागं उन्हात फिरलो. त्यांची पत्रं लिहिली, त्यांचं प्रवचन मराठीत केलं. ते मले म्हणतात, विश्वनाथ, इथं चुकलं, विश्वनाथ, तिथं चुकलं. अन् तुह्या मागापाशी गेले का हसतात. तुले म्हणतात, मारोती, दाखव. माह्यासंगं ते तसे एक दिवस हसले नाहीत. अन् आता जाताना तुहं कापड अंगावर घालून जाणार, अन् माहं काय नेणार? मले सहन नाही झालं. मी म्हटलं, माहं नाही तं तुहंबी त्यांच्या अंगावर नाही."

"अन् मी काय समजून राहिलो होतो?" मारोतराव म्हणाले. "मी समजलो, तू त्याचा लेक झाला अन् मी त्याचा कोष्टी राहिलो. थंडीत येते, दोन घटका बसते, निंघून जाते. तुह्या घरासमोर त्याचं घर. मी उमरेडात बसून तुह्या दाराचा हेवा केला."

चांगल्या गोष्टीत या जागी भाऊ गळ्यात पडले असते. हे पडले नाहीत. मारोतरावांनी कापडाची घडी घातली, काठ वर दिसेल अशी, आणि ती विश्वनाथच्या पुढ्यात सरकवली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "आत्ताच. सगळं सांग त्याले. काठासकट ठेव त्याच्यापुढं. नेसायचं तं नेसंन, नाही तं नाही."

"तू चाल संगं."

"मी कायले? मागितलं तू. देऊन ये तू."

विश्वनाथनं घडी उचलली. सुमतीनं टोपी पुढे केली, ती घ्यायला तो विसरला. आवारात ऊन होतं, विहिरीवर बायका होत्या, आणि उद्याचा पाळक आठ वार कापड पोटाशी धरून त्यांच्या समोरून गेला.

मारोतराव गाडीपाशी जाऊन उभे राहिले. इथून बंगल्याचा व्हरांडा दिसत होता. साहेब स्वतः बाहेर आले, विश्वनाथच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आत घेऊन गेले, आणि दार लागलं. कापड मारोतरावांचं होतं, काठ त्यांच्या बायकोचा होता, आणि ते घेऊन आत गेला तो विश्वनाथ. शिवाय त्याला पाठवलं त्यांनीच. आपला मोठेपणा इतक्या लवकर आपल्याच अंगावर येईल असं मारोतरावांना वाटलं नव्हतं. ते बैलांकडे वळले आणि उगाच जोताचा दोर तपासायला लागले.

आत विश्वनाथनं उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. साहेबांशी नेहमी शुद्ध मराठीत बोलणारा तो माणूस अडखळत होता. साहेब ऐकत होते. कापड आपण मत्सरानं मागितलं, इथवर तो आला तेव्हा साहेबांनी हात पुढे करून घडी घेतली, टेबलावर ठेवली आणि उलगडली. त्यांचं बोट पांढऱ्या रेघेवरून सरकत गेलं, काठापाशी पोचलं आणि थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"हे नियमात बसत नाही," ते म्हणाले.

"नाही साहेब. मी सांगितलं दादाला. काढून टाकता येईल."

साहेबांनी ऐकलंच नाही. ते वाकून काठाचे दाते एकेक बघत होते, आणि बघता बघता हसायला लागले, उमरेडच्या मागाच्या खोलीत हसत तसे. विश्वनाथ समोर उभा होता. त्याची कबुली अर्धी राहिली होती, उद्या त्याच्या डोक्यावर याच माणसाचे हात ठेवले जायचे होते, आणि हा माणूस त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

"मारोती कुठे आहे?" साहेबांनी विचारलं. "तो आला आहे का?"

गाडी बंगल्याच्या खिडकीतून दिसत नव्हती. विश्वनाथला ते आत येतानाच कळलं होतं. दादा उमरेडला परत गेला, एवढं म्हणायचं होतं. उद्याच्या गर्दीत मागच्या बाकावरचा दादा साहेबांना दिसला नसता, पंधरा दिवसांत ते जहाजावर असते, आणि कुणी कधी विचारलं नसतं. तेच सांगायला आपलं तोंड उघडतंय असं त्याला वाटलं. मग त्यानं तोंड मिटलं, तो वळला आणि व्हरांड्यात आला.

मारोतराव आवाराच्या पलीकडे पाठमोरे उभे होते. विश्वनाथनं हाक मारली. हाक विहिरीपर्यंतच पोचली. मारोतराव बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिले. विहिरीवरच्या एका बाईनं वर पाहिलं. विश्वनाथनं व्हरांड्याच्या खांबाला हात टेकवला आणि पुन्हा हाक मारली, साऱ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"दादा, चाल. मले नाही, तुले बोलावून राहिले."